विमानाची झोप

माझी मुलगी वसुधा अमेरिकेत असते. हल्ली दर फोनला ती एकच सांगते, "आई, तुझं झालेलं सगळं लिहून काढ. इथं सुट्टीला येणाऱ्या आयांना मी वाचायला देईन." त्या आयांपैकी काहींना माझ्यासारखा साखरेचा आजार आहे, काही इंजेक्शनवर आहेत. म्हणून लिहायला बसले.

मला लिहायची सवय नाही. खानापुरात सातवीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहिली ती लेकीला पत्रं. शिवाय ज्या दिवसांबद्दल लिहायचं, त्यांतले बरेच दिवस माझ्याजवळ नाहीत. ते मला शेजारच्या इंदूबाईने, माझ्या नणंदेने आणि ह्यांनी सांगितले. तिघांनी सांगितलेलं जुळवून लिहिते आहे.

अक्का

आमचं घर रामनगरला, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात. ह्यांचं बाजारात सायकलींचं दुकान. घरात आम्ही दोघं आणि ह्यांची थोरली बहीण. तिला सगळं गाव अक्का म्हणे, मीही अक्काच म्हणायची. ऐन तिशीत तिचा नवरा गेला. तिचं सासर दिग्गीला, पार जंगलात. तिथून ती आमच्याकडे आली आणि अठरा वर्षं राहिली.

माझी साखर सापडली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. आधी गोळ्या झाल्या, मग सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. माझी नजर अधू, सिरिंजवरच्या बारीक रेघा मला दिसत नसत. हे सुई बघितली की बाहेर निघून जात. शेवटी कधी शाळेची पायरी न चढलेली अक्का बेळगावच्या नर्सकडून शिकली. सकाळी ह्या रेघेपर्यंत, संध्याकाळी त्या रेघेपर्यंत. सकाळचं जास्त, संध्याकाळचं कमी. नर्सने तिच्याकडून दहा वेळा पाणी भरून घेतलं. त्यानंतर एकदाही तिची रेघ चुकली नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वसूने तिकीट पाठवलं आणि मी एकटी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. जाताना इंजेक्शनच्या वेळा कशा बदलायच्या ते जावयांनी तिथल्या डॉक्टरला विचारून फोनवर सांगितलं होतं. तिकडच्या सिरिंजा वेगळ्या, रेघा ठळक. वसू म्हणाली, तुझं तू शीक. मी शिकले, असं तीच सांगते. येताना त्या सिरिंजांचा डबाच घेऊन आले.

परतीच्या वेळांचं मात्र कोणी विचारलं नाही. घरीच तर चालली आहे, असं सगळ्यांना वाटलं.

घरी पोचले त्या सकाळी अक्का पाणी उकळून सिरिंज घेऊन पुढे आली. मी तिला म्हटलं, "राहू दे अक्का, आता माझं मी घेते."

"शिकलीस व्हय? बरं झालं," ती म्हणाली आणि सिरिंज फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही. डबा उघडून दाखवण्यात मी गुंग होते. हे नेहमीसारखे सुई निघताच बाहेर गेले होते, त्यांच्या कानावर हे आलंच नाही.

तीन दिवस

त्या तीन दिवसांतलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. अंग रामनगरात होतं, पण त्याला ते पटत नव्हतं. चालताना जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटे. भाकरीचा वास आला की मळमळे आणि सगळे जेवून उठले की भूक लागे. सकाळी दहा-अकराला जी झोप येई ती साधी नव्हे, कोणीतरी मानेला धरून पाण्यात दाबतंय अशी. भेटायला बायका येत. त्या बोलत असताना माझी मान खाली जाई. एकदा हातातला चहा मांडीवर सांडला तरी मला जाग आली नाही.

हे घाबरले. एस.टी.डी.च्या बूथवर जाऊन त्यांनी वसूला फोन लावला. वसूने समजावलं, "बाबा, ह्याला जेट लॅग म्हणतात. सगळ्यांनाच होतं. आठ दिवस चालेल. झोपू दे तिला."

ह्यांच्या जिवात जीव आला. घरी येऊन त्यांनी अक्काला सांगितलं, इंदूबाईला सांगितलं, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं, "विमानाची झोप हाय ती. कुणी उठवू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंजेक्शन घेतलं, अर्धी भाकरी चिवडली आणि दहाच्या सुमाराला आडवी झाले. दुपारी अक्काने हलवून चार घास भरवले म्हणे. मी डोळे मिटूनच खाल्ले आणि परत झोपले.

जाग आली तेव्हा खिडकीत करडा उजेड होता. जानेवारीची थंडी होती. कुठेतरी चूल पेटल्याचा धूर येत होता, बाहेर बस हॉर्न वाजवत होती. मला वाटलं, उजाडलं. एवढं मला स्वतःला आठवतं. ह्यापुढचं इंदूबाईचं.

ती बकऱ्या घेऊन घरी चालली होती. मी तोंड धुऊन, केस विंचरून दारात सडा टाकला होता आणि रांगोळी काढत बसले होते. ती थांबली. "वैनी, आत्ता सांजंला रांगोळी?"

मी हसून म्हटलं, "आज उशीर झाला गे उठायला."

तिला वाटलं, परदेशातून आल्याचं काही व्रतबित असेल. ती पुढे गेली.

मग मी आत येऊन सकाळचं इंजेक्शन घेतलं असणार. पुरं, सकाळच्या रेघेपर्यंत. अक्का दळण आणायला गिरणीत गेली होती, हे दुकानात. भाकरीची वाट बघत मी बसले असेन आणि बसल्या बसल्या कलंडले असेन.

अक्का सातला आली. मी झोपलेली. हे आठला आले, तरी झोपलेलीच. अक्का धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणे. ती म्हणाली, "तम्मा, उठवू काय तिला? दुपारपासनं पोटात काय न्हाई. सांजंचं इंजेक्शनबी व्हायचं हाय."

"नको. वसू म्हणाली न्हवं, आठ दिस चालायचं? एक दिस इंजेक्शन चुकलं तर काय होत न्हाई. झोपू दे."

अक्काने जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं. ह्यांनी पुन्हा नको म्हटलं. दोघंही माझ्या काळजीनेच बोलत होती.

लोंढा ते बेळगाव

पहाटे अक्का चुलीला जाळ घालायला उठली तेव्हा माझ्या घशातून आवाज येत होता. तिने पांघरुणाला हात लावला तर ते पिळून काढण्यासारखं भिजलेलं. दातखीळ बसली होती. तिने ओरडून ह्यांना उठवलं आणि माझ्या ओठांच्या आत गुळाचं पाणी चोळलं. ते आत गेलं नाही, हनुवटीवरून ओघळलं.

लाकडाच्या ठेकेदाराची जीप मिळाली. मला मागे आडवी टाकली, डोकं अक्काच्या मांडीवर. लोंढ्याला एका डॉक्टरांच्या घरापुढे जीप थांबवली. ते बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साखरेचं इंजेक्शन घेतात काय?" मग जीपमध्येच माझ्या शिरेत ग्लुकोज सोडलं. मी डोळे उघडले म्हणे. पण कोणाला ओळखलं नाही, आणि खानापूरच्या अलीकडे मला झटके आले.

बेळगावच्या दवाखान्यातले डॉक्टर ह्यांना म्हणाले, "ग्लुकोज मिळालं म्हणून जीव राहिला. पण कित्येक तास मेंदूला साखर नव्हती. शुद्धीवर आल्यावर कळेल काय उरलंय ते." आणि जाता जाता म्हणाले, "इंजेक्शन दोनदा दिलेलं दिसतंय. घरात कोण देतं?"

हे बाहेर आले. बाकावर अक्का बसली होती, लुगडं माझ्या घामाने आणि ओकारीने भरलेलं. त्या पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे, ह्यांनी तिला विचारलं, "दोनदा दिलंस तू?"

ती उठून उभी राहिली.

"अडाणी माणसाच्या हातात सुई दिली, माझंच चुकलं. मारलीस तिला तू."

अक्का म्हणू शकली असती की तीन दिवसांत तिने एकदाही सुई टोचली नव्हती. दोनदा उठवू काय विचारलं होतं, तेही तिला सांगता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ती जगंल काय, तेवढं सांग मला, तम्मा."

हे वळून परत आत गेले. मी दोन दिवसांनी डोळे उघडले तोवर ती त्याच बाकावर होती. नर्सने आत येऊन बघ म्हटलं तेव्हा तिने दारातून मला बघितलं, पिशवी उचलली आणि बसस्टँडवर चालत गेली. घरी आली नाही, दिग्गीला गेली.

वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात मी सतरा दिवस होते. पहाटे पाचला घंटा, मग चहाची किटली, मग बोटाला टोचणं. साखर बघायला लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवत. ती हिरवी झाली की नर्स खूश, विटकरी झाली की तिच्या कपाळाला आठ्या. धारवाडकडची एक नर्स रोज सकाळी येऊन विचारी, "ऊटा आयता?" जेवलीस का? मी आयतु, झालं, म्हणे. खरं म्हणजे मला आठवत नसे. ती ताट उचलून बघायची, उरलेलं भरवायची. वॉर्डातल्या एका आयाने माझे जटा झालेले केस तासभर बसून, तेल लावून सोडवले. कापून टाकणं तिला सोपं होतं.

पहिल्या आठवड्यात मी ह्यांना विचारी, "दुकान कोण बघतंय?" ते सांगत, बंद आहे. पाच मिनिटांनी मी परत विचारी. ते परत सांगत. एका सकाळी मी अकरा वेळा विचारलं. बाराव्यांदा ते उठून बाहेर गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत.

"अक्का कुठं हाय?" हेही मी विचारी. तेव्हा ते खिडकीकडे तोंड करत.

इंदूबाई आली तो दिवस

पाचव्या दिवशी इंदूबाई किटलीत पेज घेऊन आली. माझ्या हाताला लावलेली नळी बघून तिला रडू फुटलं. रडता रडता ती ह्यांना म्हणाली, "अण्णा, तवाच मला कळाया पायजे होतं. सांजंला रांगोळी काढत होती ती. मी इचारलं तर म्हणाली, उठाया उशीर झाला."

डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होते. ते वळले. "परत सांगा."

तिने परत सांगितलं. किती वाजता, केस विंचरलेले होते का, दारात सडा होता का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजेक्शन कोण घेत होतं आल्यापासून? तुम्ही स्वतः?"

"व्हय," मी म्हटलं. एवढं मला आठवत होतं. "माझं मी घेते."

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "कोणी दोनदा दिलं नाही. ह्यांची संध्याकाळ सकाळ झाली. सकाळचा मोठा डोस एका दिवसात दोनदा गेला आणि पोट रिकामं. झोप समजून तुम्ही बेशुद्धीला जपत बसलात."

हे खाटेच्या पायाशी, ओल्या फरशीवर बसले. इंदूबाईला वाटलं चक्कर आली, ती पाणी द्यायला धावली. त्यांनी पाणी घेतलं नाही. मला तेव्हा काहीच उमगलं नाही. हे जमिनीवर का बसलेत, एवढंच मी विचारत राहिले.

काय गेलं

घरी आल्यावर वसूचं पाकीट आलं. त्यात फोटो होते. एकात मी निळा रेनकोट घालून मोठ्या धबधब्यासमोर उभी, तोंडभर हसतेय. एकात दोन वर्षांचा मुलगा माझ्या मांडीवर, त्याच्या हातात माझी बांगडी. मी पाठीमागे लिहिलेलं वाचलं, तेव्हा कळलं की तो माझा नातू.

अमेरिकेतले तीन महिने आठवणीतून गेले. समुद्र, धबधबा, नातवाला भरवलेले घास, वसूशी केलेल्या गप्पा, सगळं. वसू म्हणते, एका दुपारी मी तिला तिच्या जन्माची सगळी गोष्ट सांगितली, आम्ही दोघी रडलो. असेल. मला जाताना विमानात चढल्याचं आठवतं, आणि मग एकदम रामनगरातले ते तुकडे. नातवाचा चेहरा मी फोटोवरून पाठ केला. डावा हात कापतो तो वेगळाच. भरलेला तांब्या त्या हातात राहत नाही.

वसू फोनवर रडे. "मीच म्हटलं ना बाबांना, झोपू दे म्हणून." ह्यांच्या मनात तिच्याबद्दल राग होता, तो ते बोलत नसत. बूथवर तिचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देऊन निघून जात. इंदूबाई मात्र रोज येऊन बसायची. तिलाही वाटायचं, तिचीच चूक.

सगळ्यांत वाईट होती ती झोप. मला डोळे मिटायची भीती वाटे, आणि मी चुकून झोपले की हे दर तासाला उठवत. "नाव सांग तुझं. आज वार कुठला?" एका दुपारी त्यांनी चौथ्यांदा हलवलं तेव्हा मी उशाचा पेला त्यांना फेकून मारला. भुवईच्या वर लागला. रक्त आलं. ते रक्त न पुसता समोर बसून राहिले आणि म्हणाले, "वार सांग."

मी वार सांगितला.

ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना इथेच सांगते. लांबच्या प्रवासाहून आलेलं, इंजेक्शनवरचं माणूस झोपलं तर त्याला जेवणाच्या वेळेला उठवा. चिडलं तरी उठवा. अंग घामेजलं असेल, बोलणं बरळल्यासारखं असेल, तर त्याला जागं असतानाच साखर द्या आणि डॉक्टरकडे न्या. परतीच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरला विचारा, आणि इंजेक्शन घेताना दुसऱ्या कोणाला तरी समोर बसवा. मला येत होतं, म्हणून मी कोणाला बसवलं नाही.

दिग्गी

हात कापत असल्यामुळे आरोग्य केंद्रातली नर्स सकाळ-संध्याकाळ घरी येऊन इंजेक्शन देई. मग तिची बदली ठरली, मार्चपासून. अक्काला आम्ही दोन पत्रं पाठवली होती. तिला वाचता येत नसलं तरी कोणीतरी वाचून दाखवलंच असणार. उत्तर आलं नाही. मार्च उजाडला तेव्हा हे म्हणाले, "आपण जाऊ."

दिग्गीला त्या वेळी दिवसातून एकच बस. दुपारी उतरलो. अक्का सासरच्या अंगणात सुपारी सोलत बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही. पण पहिला शब्द माझ्याशीच बोलली. "हात का कापतोय?"

मी तिच्या पायाशी बसले. "अक्का, माझं मी घेते म्हटलं, तिथंच माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? शिकणं चूक हाय काय?"

हे लांब उभे होते, चप्पल न काढता. तिथूनच ते म्हणाले, "अक्का, मी नको ते बोललो. चल घरी."

तिने हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. "बोललास ते गेलं, तम्मा. पण मी येणार न्हाई. उद्या तिला परत काय झालं, तर तू पहिलं माझ्याकडं बघशील. तोंडानं काय म्हणणार न्हाईस. डोळ्यानं बघशील. मला ते सोसायचं न्हाई आता."

ह्यांनी चप्पल काढली आणि ते पायरीवर बसले.

दिवस कलला. अक्काने आत जाऊन हात धुतले. "बाटली आणलीस काय?" मी पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढून दिली. तिने बाटली तळहातांत हळूहळू फिरवली, उजेडाकडे धरून संध्याकाळच्या रेघेपर्यंत सिरिंज भरली, बुडबुडा काढला. मी लुगडं सावरून बसले. ती माझ्याकडे आली नाही. तिने सिरिंज ह्यांच्यापुढे धरली.

"घे."

"मला न्हाई जमत, अक्का. तुला ठाऊक हाय."

"मला तरी कुठं जमत होतं? घे."

ह्यांनी सिरिंज घेतली. दोनदा सुई कातडीपर्यंत नेऊन त्यांनी मागे घेतली. अक्काने हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी टोचली. वाकडी गेली, रक्ताचा थेंब आला, मला दुखलं.

"हां," अक्का म्हणाली. "आता रेघा शीक." आणि कंदिलाच्या उजेडात तिने धाकट्या भावाकडून दहा वेळा पाणी भरून घेतलं.

सकाळच्या बसने आम्ही दोघंच परतलो.

अक्का त्यानंतर सहा वर्षं जगली. रामनगरला दोनदा आली, दोन्ही वेळा लग्नकार्याला. आमच्या घरी पाणी प्यायली, माझा हात हातात घेऊन बघितला आणि संध्याकाळच्या आत निघून गेली. ह्यांनी थांब म्हटलं नाही, असं नाही.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा दिवेलागण झाली होती. निरोप्या दारातच उभा होता. ह्यांनी त्याला बसायला सांगितलं, आत आले, हात धुतले, सिरिंज भरून दोनदा रेघ तपासली आणि मला इंजेक्शन दिलं. ताट वाढलं. माझं जेवण होईपर्यंत थांबले. मग चप्पल घालून दिग्गीला जायला जीप मिळते का ते बघायला बाहेर पडले.